बापलेकीची अर्धशिशी

नकोशीच्या डोकेदुखीवर माळेगाव बुद्रुकमध्ये ज्याला जे सुचलं ते करून झालं होतं. सासूनं, द्वारकाबाईनं, दिवस उगवायच्या आत तिला गरम दुधातून जिलेबी खायला घातली होती. सुंठ उगाळून कपाळाला लावली होती. कुणी सांगितलं म्हणून डाव्या नाकपुडीत तुपाचे थेंब सोडले, कुणी सांगितलं म्हणून उजव्या. शेजारणीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, तेव्हा त्या धुरानं नकोशीला अंगणात धावत जाऊन उलटी झाली. नजर भारीच होती, पण पडली एकदाची बाहेर, असं सगळ्या बायांनी मिळून ठरवलं. चार दिवसांनी डोकं परत उठलं.

दुखायचं ते निम्मंच. एका बाजूनं, भुवईच्या वर, कुणी आतून घण घातल्यासारखं. उजेड सोसायचा नाही, भांड्याचा आवाज सोसायचा नाही. साखर कारखान्याचा सीझन चालू झाला की मळीचा आंबूस वास गावभर पसरायचा, आणि त्या वासाशी तर तिचं उभं वैर होतं. नवरा दादासो त्याच कारखान्यात बॉयलरवर होता. त्याची शिफ्ट बदलली की हिचं झोपणं-उठणं बदलायचं. शिवाय डोकं बरं व्हावं म्हणून तिनं सोमवार धरला होता, मग शुक्रवार धरला, मग चतुर्थी. उपासाच्या दिवशी हमखास डोकं चढायचं, आणि देव अजून प्रसन्न झाला नाही असं वाटून ती पुढचा उपास आणखी कडक करायची.

भागायचं ते गोळ्यांवर. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सुटी गोळी मिळायची. आधी दुखल्यावर एक घ्यायची, मग दुखू नये म्हणून सकाळीच एक, मग संध्याकाळी आणखी एक. पंच्याण्णव सालची दिवाळी आली तोवर पदराच्या गाठीत गोळ्या नसल्या की तिला घराबाहेर पडवत नव्हतं, आणि गोळ्या असूनही डोकं रोजच जड असायचं. पाच वर्षांची वैष्णवी जवळ आली तरी, "जा बाई, आज्जीकडं जा," एवढंच तोंडातून निघायचं.

संक्रांत होऊन गेली आणि एका दुपारी तिचे वडील हिंदुराव हुरड्याची पिशवी घेऊन तिच्या माहेरून, डाळजहून, आले.

हिंदुरावांना सगळे आबा म्हणायचे. तरुणपणी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेला माणूस. आता मेंढरं गेली, थोडी जिरायत आणि दोन शेरडं राहिली होती. बोलणं कमी. रागीट म्हणून भिगवणपर्यंत नाव. नकोशी ही त्यांची चौथी मुलगी. चौथ्यांदाही मुलगीच झाली म्हणून आत्यानं तिचं हे नाव ठेवलं, आणि तेच चिकटलं.

लहानपणचं एक चित्र तिच्या मनात पक्कं बसलेलं होतं. आबा लिंबाखाली सगळ्यांकडं पाठ करून बसलेत, डोक्यावरून घोंगडं ओढलंय, आणि आई ओठांवर बोट ठेवून सांगतेय, "आबा तापल्यात. तिकडं फिरकू नगा." असे दिवस महिन्यात दोन-तीनदा यायचे. एकदा, ती सहा-सात वर्षांची असताना, नुकतंच जन्मलेलं कोकरू दाखवायला ती धावत त्यांच्याकडं गेली होती. आबांनी तिच्याकडं एकवार बघितलं आणि झटक्यात तोंड फिरवलं. "घिऊन जा," म्हणाले. तिला आपल्या नावाचा अर्थ तेव्हा कळायला लागला होता. तिनं जे समजायचं ते समजून घेतलं आणि नंतर कधी विचारलं नाही.

तर आबा आले तेव्हा ती मधल्या खोलीत कपाळाला ओलं फडकं बांधून पडली होती. द्वारकाबाईंनी दारातच गाऱ्हाणं सांगितलं. आता बाप खाटेशी बसून चौकशा करणार, आणि प्रत्येक शब्दागणिक घण बसणार, म्हणून नकोशीनं डोळे घट्ट मिटून घेतले. पण आबा काही बोललेच नाहीत. त्यांनी बाहेर जाऊन रेडिओ बंद केला. वैष्णवीला खांद्यावर घेऊन अंगणापार नेऊन सोडलं. परत आले, खिडकीच्या फळ्या लावल्या, आणि दाराच्या फटीतून जी उजेडाची एक रेघ थेट तिच्या डोळ्यांवर येत होती, तिथं आपला पटका दुमडून खोचला. ती रेघ सकाळपासून तिला छळत होती. सांगायचंही त्राण नव्हतं, आणि कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

रात्री जेवताना आबा दादासोला म्हणाले, "जावयबापू, उद्या हिला बारामतीला दावू. मी बी येतो."

बारामतीत एक डॉक्टरीणबाई डोक्याचे आजार चांगले बघतात, असं दादासोला कारखान्यातल्या एकानं सांगितलंच होतं. सकाळी तिघं तिथं गेली. बाईंनी आधी बीपी बघितलं. बॅटरीच्या उजेडात डोळ्यांच्या आत बघितलं, गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, बोटाबरोबर डोळे फिरवायला लावले. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "आता सांग. दुखायच्या आधी काही होतं का? डोळ्यांना वगैरे?"

नकोशी घुटमळली. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वेड लागलंय म्हणतील, ही भीती. "व्हतं," ती हळूच म्हणाली. "डोळ्यापुढं चकाकतं कायतरी. करवतीच्या दात्यागत, नागमोडी. माणसाचं निम्मं तोंड दिसतच न्हाय."

"आन् मग ते थरथरत मोठं मोठं व्हत जातं," मागून आवाज आला. "कडंकडंला सरकतं. मधी नुसतं भोक ऱ्हातं. ते गेलं की घण चालू."

सगळ्यांनी वळून बघितलं. आबा भिंतीशी उभे होते. आपण बोललो याचं त्यांनाच नवल वाटल्यासारखे.

"तुम्हाला दिसतं ते, आबा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दिसतं की. म्हंजी आता कमी झालंय, पर तरणा व्हतो तवा लय." आबांनी मिशीवरून हात फिरवला. "उन्हात समद्यांनाच दिसत आसंल, आसं वाटायचं मला. मेंढरं मोजाय बसलं की निम्मी गायबच!"

दादासोला हसू आलं, पण नकोशीचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

बाईंनी मग दोघांनाही समोर बसवून समजावलं. याला मायग्रेन म्हणतात, आपल्यात अर्धशिशी म्हणतात ती हीच. ही नजर नाही, बाहेरचं नाही, नाटक तर मुळीच नाही. काही लोकांचा मेंदू जन्मतःच हळवा असतो, आणि हा हळवेपणा नाकाडोळ्यासारखा घराण्यातून पोरांकडं येतो. मग उपाशी राहिलं, झोप मोडली, डोक्यावर ऊन घेतलं, उग्र वास आला, बाईमाणसाचे महिन्याचे दिवस जवळ आले, की तो मेंदू बिथरतो.

"म्हंजी माझे उपास..." नकोशी म्हणाली.

"तुझ्या उपासांनी डोकं बरं होत नव्हतं गं, उठत होतं. बरं, गोळ्या किती घेतेस?"

नकोशीनं पदराची गाठ सोडली. टेबलावर जे सांडलं ते बाईंनी एका बोटानं मोजलं. बाई रागावल्या नाहीत, पण आवाज बदलला. "रोजच्या रोज या गोळ्या खाल्ल्या की डोक्याला त्यांची सवय लागते. त्यांचा अंमल उतरला की डोकं परत मागतं, म्हणजे परत दुखतं. तुझं हे रोजचं जडपण या गोळ्यांचं आहे. या बंद करायच्या. पहिला आठवडा फार त्रास होईल, आधीच सांगते. पण तो पार पडला की मोकळी होशील." रोज घ्यायची एक वेगळी गोळी त्यांनी लिहून दिली, दुखणं वरचेवर येऊ नये म्हणून. दुखलंच तर घ्यायची दुसरी दिली, ती सुरुवातीलाच घ्यायची आणि आठवड्यात दोनदाच्या वर नाही. आबांचीही नाडी बघितली, दमा नाही ना ते विचारलं, आणि या वयात रोजचं औषध नको, दुखेल तेव्हाची एक पुरे, असं सांगितलं.

दादासो औषधं आणायला गेला. बापलेक एसटी स्टँडवरच्या बाकावर बसली. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या.

"आबा," ती म्हणाली, "मी कोकरू घिऊन आले व्हते एकदा. तुमी तोंड फिरवलंसा."

आबांना ते आठवेना. कोकरं तर कितीतरी झाली होती.

"मला वाटायचं माझा राग येतो तुमाला. मी नको असताना झाले म्हणून."

आबा तिच्याकडं बघतच राहिले. "राग? तुजा?" ते म्हणाले. "आगं, तवा तुमा पोरींच्या तोंडाकडं बघवायचंच न्हाय मला. निम्मं तोंड दिसायचं. एक डोळा, निम्मं नाक, आन् फुडं काय न्हाय. पोटच्या पोरीचं तसं तोंड बघून लय भ्या वाटायचं. वाटायचं, आंधळं व्हणार आपुन, न्हायतर येडं. कुणाला सांगावं? मग बसायचं पाठ करून." त्यांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. "आन् नाव तुज्या आत्यानं ठिवलं तुजं. मी रानात व्हतो. आलो तवर समदी नकू नकू म्हनाय लागली व्हती. मला ग्वाड वाटलं, म्हून मी बी म्हनाय लागलो."

नकोशी रडली. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून बघितलं तसं आबांनी, "डोकं दुखतंय तिचं," म्हणून सांगून टाकलं.

तो त्रासाचा आठवडा तिनं डाळजला काढायचा ठरला. वैष्णवीला द्वारकाबाईंनी ठेवून घेतलं. उपासांचं काय, असं नकोशीनं चाचरत विचारलं, तर म्हणाल्या, "तुजं उपास माज्याकडं दे. घरातलं कुणीतरी उपाशी आसलं म्हंजी झालं, देव काय तोंड बघून मोजत न्हाय."

बाईंनी सांगितलं होतं त्यापेक्षा आठवडा वाईट गेला. गोळ्या बंद झाल्या आणि डोकं खवळलं. पोटात पाणी ठरेना. एका दुपारी नकोशी आईच्या, साखरबाईच्या, हातापाया पडली, "एकच गोळी आण, दुकानात मिळती." साखरबाई चप्पल घालायला उठलीही. आबा उंबऱ्यात आडवे बसले. "माझ्यावरनं ओलांडून जा," म्हणाले. त्यांनी खोलीच्या दाराला काळं घोंगडं टांगलं होतं. शेरडाच्या गळ्यातली घंटा काढून ठेवली होती. भेटायला आलेल्या बायांना वाटेवरूनच परत लावत होते. लेकीला थोड्या थोड्या वेळानं मीठ घातलेली पातळ पेज पाजायची, हे त्यांनी डॉक्टरीणबाईंकडून पाठ करून आणलं होतं. साखरबाई तोंडावर पदर धरून हे सगळं बघत होती. या माणसानं चूल कुठल्या कोपऱ्यात आहे हेही कधी बघितलं नव्हतं.

मग एका सकाळी नकोशी जागी झाली आणि काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. ती तशीच पडून राहिली. डोकं दुखत नव्हतं. जडसुद्धा नव्हतं. बाहेर कोंबडा ओरडला आणि तो नुसता कोंबडाच ओरडला, डोक्यात काही फुटलं नाही. तिनं उठून स्वतः भाकरी थापली आणि तव्यावरची गरम, नुसत्या मिरचीबरोबर खाल्ली.

त्याच दिवशी आबा तिची संपत आलेली औषधं आणायला भिगवणला चालत गेले आणि टळटळीत उन्हात चालत परत आले. अंगणात येऊन ते थांबले. पायरीकडं बघायला लागले, पण पाय टाकेनात. नकोशीच्या लगेच ध्यानात आलं.

"दिसतंय?" तिनं विचारलं.

"निम्मंच," आबा म्हणाले, आणि सवयीनं पाठ फिरवून लिंबाकडं निघाले.

तिनं त्यांचा हात धरला. "तिकडं न्हाय. आत चला. गोळी आत्ताच घ्या, घण चालू झाल्यावर तिचा उपेग न्हाय." तिनं त्यांना घोंगड्याच्या आड नेऊन निजवलं, गोळी दिली, पेज दिली आणि उशाशी बसून राहिली. आबांनी तोंड भिंतीकडं केलं नाही. निम्म्या दिसणाऱ्या लेकीकडं ते बघत राहिले, आणि बघता बघता त्यांना झोप लागली.

साखरबाई दारातून डोकावली. "तापल्यात का?" तिनं जुन्या सवयीनं कुजबुजत विचारलं.

"न्हाय गं आये," नकोशी म्हणाली. "ते कंदीच तापलं नव्हतं."

साखरबाई उंबऱ्यात बसली. एवढ्या वर्षांच्या संसारात आपण नवऱ्याला घाबरत होतो ते कशापायी, हे तिला जरा वेळानं उमगलं, आणि मग तिला त्याचा खरोखरच राग आला. "मला तरी सांगायचं!" झोपलेल्या माणसाला ती दबक्या आवाजात बराच वेळ बोलत होती.

नकोशीचं दुखणं कायमचं गेलं असं नाही. महिन्याकाठी एखाद्या वेळी येतं, पण ती वेळेवर जेवते, दादासोची शिफ्ट कुठलीही असो आपल्या वेळेला झोपते, आणि करवतीचे दाते दिसले की गोळी घेऊन अंधारात पडते. तेव्हा वैष्णवीला दारात बोलावून सांगते, "डोकं दुखतंय माझं. तुझ्यावर राग न्हाय." वैष्णवी "बरं" म्हणून खेळायला जाते.

आबांचं मात्र भलतंच झालं. आयुष्यभर न बोललेला माणूस बोलायला लागला, आणि तेही एकाच विषयावर. एसटीत डोकं बांधलेली बाई दिसली की शेजारी जाऊन बसतात. "करवत दिसती का वं तुमाला?" म्हणून विचारतात. बाई घाबरून पदर सावरते. पण आबा सोडत नाहीत. उपास किती, गोळ्या किती, बापाचं डोकं दुखत होतं का, सगळं विचारून झाल्यावर बारामतीचा पत्ता सांगतात. मागच्या खेपेला तर लोणी देवकरच्या एका म्हातारीला स्वतः दवाखान्यात घेऊन गेले. तिला चष्मा लागला होता, एवढंच निघालं.

"समद्यांची डोकी एकच नसत्यात, आबा," नकोशीनं हसत हसत त्यांना समजावलं. "म्हणून तर डॉक्टर लागतो."

"मग? डॉक्टरकडंच न्हेलं की तिला," आबा म्हणाले. "आता तिला सुईत दोरा ववता येतोय. म्हनली, तुमाला गोधडी शिवून दीन."