पुठ्ठ्यातून झिरपणारा उजेड

ताईने शाळेत असताना स्वतः केलेलं पुठ्ठ्याचं बाहुलीघर होतं. त्यात दिवे बसवायचं काम धाकटीच्या गळ्यात पडलं, कारण घरात फिजिक्स शिकलेली तीच. काम आजच व्हायला हवं होतं. ताईची मुलगी चिऊ आज पहिल्यांदा स्वतःच्या खोलीत एकटी झोपणार होती आणि अंधाराचं नाव काढलं तरी तिची गाळण उडायची.

भिंती इतक्या पातळ की फुंकर मारली तरी थरथरायच्या. ड्रिलचं नावच नको. धाकटीने दाभणाने भोकं पाडली, केसासारखी तार छताच्या कडेने चिकटवली. सोल्डरिंग सगळं टेबलावर उरकलं; पुठ्ठा जळला असता तर ताईला तोंड दाखवायची सोय नव्हती. दिवे लावून पाहिले तर उजेड भिंतींतूनच बाहेर झिरपत होता. हे काही तिला पटेना. तिने प्रत्येक भिंतीला आतून काळा कागद लावला.

"गोगलगायसुद्धा पुढे गेली गं," ताई दारातून म्हणाली.

"झालंच. आता उजेड फक्त खिडक्यांतून येईल. खऱ्या घरासारखा!"

दुपारीच पडदे ओढून, चिऊला गादीवर झोपवून तिने बटण दाबलं. खिडक्या लखलखल्या. बाकी घर काळंठिक्कर.

"मावशी, मी नाही झोपणार. घर डोळे वटारतंय."

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. ताईला मात्र हसू फुटलं.

"लहानपणी तूही अस्संच म्हणायचीस. म्हणून मी खिडक्यांच्या झडपा लावून मागून आत टॉर्च धरायचे."

धाकटीला आठवत होतं ते फक्त घर: अंधारात मधासारखं पिवळं, आत कुणीतरी जागं असल्यासारखं. तो उजेड कुठून यायचा, हा प्रश्न तिला, उठसूट प्रश्न विचारणारीला, कधी पडलाच नव्हता.

"किती वेळ धरायचीस?"

"तुझा डोळा लागेपर्यंत. हाताला मुंग्या यायच्या. एकदा मीच झोपले आणि सेल संपवले म्हणून बाबांची बोलणी खाल्ली."

धाकटीने ताईचा हात घट्ट धरला, मग सोडून काळे कागद हलकेच सोलून काढले. झडपा लावल्या. बटण दाबलं. सगळं घर मंद पिवळं झालं.

चिऊ कुशीवर वळली. "आत कोण आहे?"

"तुझी आई," धाकटी म्हणाली.