शिट्टीची साक्ष

घोडी मुतायला तयार नव्हती. शर्यत जिंकून आलेली, अंगावरून घाम निथळतोय, नाकपुड्या अजून फुललेल्या, आणि शिट्टी लांब दांड्याला बसवलेलं भांडं तिच्या मागे धरून एकसारखी हलकी शीळ घालत होता. तान्ह्या पोराला मुतवताना आई तोंडाने जो आवाज काढते, तसलीच ती शीळ. दाराशी खुर्ची टाकून डॉक्टर पेंगत होते. घोडीचा मोतद्दार लगाम धरून उभा होता आणि पायावर पाय चोळत होता.

रेसकोर्सवर त्याचं कामच हे होतं. जिंकलेल्या प्रत्येक घोड्याला या खोलीत यावं लागे. त्याचं मूत्र दोन बाटल्यांत भरून, सील लावून प्रयोगशाळेत जाई. घोड्याला कुणी औषध चारून पळवलं तर नाही, हे बघायला. आता घोडा काही हुकमाने मुतत नाही. पण याची शीळ ऐकली की भलेभले घोडे पाय फाकून उभे राहत. त्यावरून सगळे त्याला शिट्टीच म्हणत, आणि खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. बायको वैतागली की म्हणे, लोकांचे नवरे काय काय गोळा करून घरी आणतात, आमच्या नशिबी हे.

त्या दिवशी घोडी दादांची होती. दादा म्हणजे तिचे ट्रेनर. शिट्टीचे ते सख्खे कुणी नव्हेत, पण सख्ख्यांनी केलं नसतं इतकं त्यांनी केलं होतं. तरुणपणी तो त्यांच्याच तबेल्यात मोतद्दार होता. एका बिथरलेल्या घोड्याने लाथ झाडली आणि त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली. दुसऱ्या कुणी अशा लंगड्याला घरचा रस्ता दाखवला असता. दादांनी रेसकोर्सच्या साहेबांच्या पायऱ्या झिजवल्या आणि या खोलीतलं काम त्याला मिळवून दिलं.

दादांचा तबेला लहान. घोडे मोजके, तेही मोठ्या ट्रेनरांनी नाकारलेले. चंदीचं घमेलं घोड्यापुढे जाण्याआधी दादा त्यात स्वतः नाक घालत. मोतद्दारांचे हातसुद्धा हुंगून बघत. जिंकणं तिकडे सणासारखं, कधीतरीच यायचं. म्हणून त्या दिवशी वहिनीही नवी साडी नेसून आल्या होत्या. दादांनी खोलीच्या दारातून डोकावून विचारलं, "मुतली का रे? जिंकायला एवढा वेळ नाही लागला तिला."

शेवटी घोडी मोकळी झाली. शिट्टीने बाटल्या भरल्या, सील केल्या. त्यावर दादांनी स्वतः सही केली आणि जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारली.

पुढे निकाल आला. घोडीच्या मूत्रात वेदना मारायचं औषध सापडलं होतं. अगदी थोडं, पण होतं.

शिट्टी धावतपळत, म्हणजे त्याच्या पायाला जमेल तसा, तबेल्यात गेला. तिथे चंदीची पोती जमिनीवर उलटी केलेली होती. दादांनी प्रत्येक दाणा बघितला होता, प्रत्येक मोतद्दाराला समोर बसवून विचारलं होतं. एकाने तर स्वतःच्या पोराची शपथ घेतली होती. हाती काही लागलं नव्हतं. दादा उलट्या बादलीवर बसून होते.

"मी दिलं नाही," ते म्हणाले. "पण गेलं कसं, तेही मला सांगता येत नाही."

आणि नियम कुणी दिलं ते विचारतच नव्हता. घोड्याच्या पोटात जे जाईल त्याला ट्रेनर जबाबदार, एवढंच त्यात होतं. शिट्टीला तो नियम वाईट आहे असंही म्हणता येईना. मागे एका ट्रेनरने लंगड्या घोड्याला इंजेक्शन देऊन पळवलं होतं. वळणावर घोड्याचा पाय मोडला आणि त्याच्याखाली सापडलेला जॉकी पुन्हा उठून बसला नाही. त्या ट्रेनरला शिक्षा झाली तेव्हा चहाच्या टपरीवर सगळ्यांत मोठ्या आवाजात शिट्टीच म्हणाला होता, की कमी झाली, अशांना जन्मभर फाटकाच्या आत घेऊ नये.

दादांनी दुसरी बाटली उघडायला लावली. तिच्यातही तेच निघालं.

मग एका दुपारी वहिनी शिट्टीच्या घरी आल्या. पाणी दिलं ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. त्या दिवशी त्या खोलीत काही इकडचं तिकडे झालं का, हे त्याने आठवून बघावं, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. खोटं बोल असं त्या चुकूनही म्हणाल्या नाहीत. शिट्टीने आठवलं. भांडं धुतलेलं होतं, हातमोजे घातलेले होते, सील नीट लागलं होतं. कुठे काही चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मनात आलं.

वहिनी गेल्यावर बायको त्याच्या गुडघ्याला मलम चोळायला बसली. हे रोजचंच होतं. चोळून झाल्यावर त्याने तिच्या हातातून ट्यूब घेतली आणि खिडकीपाशी जाऊन तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. प्रयोगशाळेने कळवलेलं औषधाचं नाव आता रेसकोर्सवर मोतद्दारांनासुद्धा पाठ झालं होतं. ट्यूबवर तेच होतं.

बायकोला सांगावं लागलं नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघूनच समजली.

"नोकरी जाईल," ती म्हणाली. मग तिने पदराला हात पुसले. "दादांनीच दिलेली आहे म्हणा."

चौकशीच्या खोलीत लांब टेबलामागे तीन पंच होते. दादा कोट घालून आले होते, टोपी मांडीवर ठेवली होती. त्यांना विचारलं तेव्हा ते उभे राहून तबेल्यात सांगितलं होतं तेच बोलले, एक शब्द जास्त नाही. मग शिट्टीला बोलावलं. त्याने ठरवलेलं सगळं सांगितलं. गुडघ्याला मलम लावलं होतं, हात धुतला नाही, मोजे घातले नाहीत, भांड्याला आतून हात लागला. सांगताना दादा मान वळवून आपल्याकडे बघताहेत हे त्याला कळत होतं. त्याने तिकडे बघितलं नाही.

मुख्य पंच म्हातारे गृहस्थ होते. ते चिडले नाहीत. त्यांनी प्रयोगशाळेच्या बाईंना विचारलं. बाईंनी पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तशा मऊ आवाजात सांगितलं, की बाटलीत सापडलं ते घोडीच्या शरीरातून जाऊन बदललेलं औषध होतं. हाताचं मलम भांड्याला लागलं असतं तर ते जसंच्या तसं सापडलं असतं. ते घोडीच्या पोटातच गेलं होतं, यात शंका नाही. डॉक्टरही खाली बघत म्हणाले, की मोजे होते, मी बघितले होते.

"हे बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं?" मुख्य पंचांनी विचारलं.

कुणी नाही, असं शिट्टी म्हणाला. ते खरंच होतं. पण तिघेही पंच त्याच्याकडे न बघता दादांकडे बघत होते.

दादांना एक वर्षाची बंदी झाली. घोडे दुसऱ्यांकडे द्यायचे, रेसकोर्सच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. इतक्या वर्षांत पहिलाच डाग, सहा महिन्यांवर सुटले असते, असं नंतर कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, काही सुटले नसते, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची इथली रीतच आहे. खरं काय, हे शिट्टीला कधीच कळणार नव्हतं.

बाहेरच्या व्हरांड्यात दादा पुढे चालत होते. शिट्टी मागून पाय ओढत गेला. थोडं अंतर गेल्यावर दादांचा वेग कमी झाला. त्याला गाठता यावं म्हणून ते नेहमी तसंच चालत. रागातही ती सवय गेली नव्हती.

"खोटं बोललास," ते म्हणाले.

"दादा, मला वाटलं..."

"माझ्याजवळ एकच गोष्ट होती रे. मी खरं बोलत होतो, एवढीच. आता तू बोललास ते मी शिकवलेलं वाटणार, आणि माझंही खोटं."

दादांनी टोपी डोक्यावर घातली, मग काढली, आणि जिना उतरून गेले.

घोड्यांना न्यायला मालकांच्या गाड्या आल्या त्या दिवशी तो तबेल्यात गेला. दादा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. वहिनींनी एकेकाच्या मानेवरून हात फिरवून घोडे सोडले. घोडी गाडीत चढेना, तेव्हा नव्या तबेल्याच्या माणसांनी तिला मागून दोरी लावून ढकललं. मोतद्दारही मग पांगले. ज्याने पोराची शपथ घेतली होती त्याला कुठेच काम मिळालं नाही. औषध कुठून आलं, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

शिट्टीची नोकरी गेली नाही, हीच त्याला मोठी शिक्षा वाटली. त्या खोलीतून मात्र त्याला काढलं आणि सकाळच्या पाळीला फाटकावर बसवलं. आत येणाऱ्यांचे पास बघायचे, ज्यांना मनाई आहे त्यांना थांबवायचं. मनाई असलेल्यांचे फोटो चौकीत भिंतीला लावलेले असत. दादांचा फोटो जुना होता, केस काळे असतानाचा.

एके सकाळी दादा चालत आले. घोड्यांना फिरवायची ती वेळ, त्या वेळी ते घरात बसूच शकत नसावेत. शिट्टी स्टुलावरून उठला. आडव्या दांड्यावर त्याचा हात होता, पण तो वर करावा की दाबून धरावा हे त्याला समजेना.

"राहू दे," दादा म्हणाले. ते दांड्यापासून चांगले लांब उभे होते. "ट्रॅकला पाणी जास्त मारलंय का आज?"

"हो, दादा. वळणावर निसरडं आहे."

दादांनी ट्रॅकच्या दिशेने मान वळवली. "तिला बाहेरच्या कडेने घ्यायला सांग कुणाला तरी. ओल्यात डावा पाय नीट टाकत नाही ती."

सांगतो, म्हणाला तो. फाटक सोडून जायची सोय नव्हती. तेवढ्यात घोडीच्या नव्या तबेल्यातला एक मोतद्दार सायकलवरून आला. शिट्टीने पास बघता बघता त्याला निरोप सांगितला. तो हसला. आता तू ट्रेनर झालास होय, असं म्हणून पास खिशात घालून आत निघून गेला.

दादांनी ते ऐकलं असणार. ते वळले आणि रस्त्याला लागले. इतक्यात आतून टापांचा आवाज सुरू झाला. फाटकातून ट्रॅक दिसत नाही, मध्ये भिंत आहे. आवाज लांबून जवळ आला, वळणाकडे गेला. रस्त्यावर दादा थांबले. पाठ फाटकाकडेच, मान थोडी कललेली. शिट्टीही दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. टापा वळणावर एकदा चुकल्या, पुन्हा जुळल्या, आणि हळूहळू सरळ पट्टीवर दूर गेल्या. पार ऐकू येईनाशा झाल्या, तेव्हा दादा पुढे चालू लागले.