बीजाविना वंश

सत्त्याऐंशी सालच्या श्रावणात मोरिवलीच्या कारखान्यांमागच्या पत्र्याच्या मठात बायकांची रीघ लागली होती. हिंदुराव महाराजांच्या कुंड्यांतल्या नुसत्या भस्मातून म्हणे रानहळद उगवली होती. पानं चांगली वीतभर रुंद, फुलं भरगच्च, आणि बी म्हणून एक नाही.

"बियाविना वंश वाढवते ही माउली," महाराज गळा काढून सांगत होते. "तुमची कूस तिला काय अवघड?"

पानांचा रस ते स्वतःच्या पायाच्या अंगठ्यावर ओतत आणि मूल मागायला आलेली बाई खाली वाकून तो चाटे.

उमा त्याच रांगेत उभी होती. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. मूल नाही म्हणून सासूबाई, कुमुदिनीबाई, तिला दुसऱ्यांदा इथे घेऊन आल्या होत्या. मागच्या खेपेला कुंडीच्या भोकातून बाहेर आलेलं मूळ तिने खुडून नेलं होतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं.

तिची पाळी आली. महाराजांनी पाय पुढे केला. नखात मळ होता आणि आधीच्या बायकांची थुंकी अजून वाळली नव्हती.

उमाने शेजारची कुंडी उचलून पालथी केली. भस्माच्या थराखाली माती होती आणि मातीत सुरीने कापून लावलेला कंद.

"हा कोणी पुरला, महाराज?"

"देवीला हात लावलास. वांझोटी मरशील."

उमा बायकांकडे वळली. "ही डोंगरातली रानहळद आहे. वाढ कशी व्हायची हे प्रत्येक पेशीतली गुणसूत्रं ठरवतात. त्यांचे एरवी दोन संच असतात, हिच्यात तीन आहेत. म्हणून पानं अशी दांडगी. पण बी धरताना तिनाचे दोन सारखे वाटे होत नाहीत, म्हणून बी धरतच नाही. कंद तोडून लावला की तेच झाड पुन्हा येतं. यात चमत्कार कसला?"

"म्हंजे ही सोताच वांझ?" मोरिवलीच्या बनूबाईने विचारलं. ती नुकतीच अंगठ्यापासून उठली होती.

"हो. तिच्याकडे मूल कसलं मागता? डॉक्टरकडे जा, नवऱ्याला घेऊन जा. आणि सांगणारा कोणीही असो, आधी कुंडी उकरून बघा."

बनूबाईने पदराने ओठ खसाखसा पुसले आणि ती महाराजांच्या पुढ्यात थुंकली. रांग मोडली.

परतताना कुमुदिनीबाईंनी उमाला रस्त्यातच थांबवलं. "माझ्या मधूला कशाला न्यायचं डॉक्टरकडे?" त्यांनी विचारलं.

"मूल दोघांचं असतं, आई."

घरी आल्यावर त्यांनी चहाही टाकला नाही. मुलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मधू, उद्या रजा टाक."