वरच्या मजल्यावरून माहेरी

बाळीवेशीतल्या वीरभद्रप्पांच्या घरी परदेशी भाडेकरू आले ते चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्याच्या सुमाराला. शहरातल्या एका गिरणीत सूतकताईची नवी यंत्रं बसवायची होती. ती चेकोस्लोव्हाकियातून यायची होती आणि त्यांच्याबरोबर तिथला एक इंजिनिअरही आला. त्याचं नाव पावेल, बायकोचं हाना. गिरणीनं त्यांना रुळांपलीकडचा बंगला दिला होता. पण पावेल दिवसभर गिरणीत, आणि त्या भल्यामोठ्या बंगल्यात हानाला एकटीला भीती वाटायची. तिला माणसांत राहायचं होतं. वीरभद्रप्पांचं मंगळवार पेठेत डाळीचं दुकान होतं, गिरणीच्या मॅनेजरांशी ओळख होती आणि घराचा वरचा मजला रिकामा होता.

त्यांची बायको गंगम्मा आधी नकोच म्हणाली.

"लिंगायताच्या घरात अंडी-मटण शिजवतील की ते."

"विचारून बघतो," वीरभद्रप्पा म्हणाले.

पावेलनं कबूल केलं, वर अंडंसुद्धा येणार नाही. आणि त्यानं ते पाळलं. त्याला काय खायचं असेल ते तो गिरणीच्या कँटीनमध्ये खाऊन यायचा.

सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस गल्लीला दुसरा उद्योगच नव्हता. हाना गॅलरीत कपडे वाळत घालायला आली तरी खाली पोरं गोळा व्हायची. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. ती बादली घेऊन आली की बाया बाजूला होऊन तिला पुढे जा म्हणायच्या. तिला ते आवडायचं नाही. ती मुकाट्यानं रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहायची. गंगम्मानं ते पाहिलं आणि तिथंच तिला ही पोरगी आवडली.

हाना तिकडं लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. इथं तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. सकाळी पावेल गेला की संध्याकाळपर्यंत तिला बोलायला माणूस नव्हतं. एकदा गंगम्मा शेंगदाणे भाजत होती, तेव्हा त्या वासानं हाना जिना उतरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. गंगम्मानं पाट सरकवला. त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. चटणी कुटायला शिकली, भाकरी थापायला शिकली. तिच्या भाकरीला कडा म्हणून नसायची. वीरभद्रप्पा ती ताटात घेऊन म्हणायचे, "हा कुठल्या देशाचा नकाशा म्हणायचा?"

घरात कानडी, गल्लीत मराठी. हानाला कुठला शब्द कुठल्या भाषेतला हे कधीच कळलं नाही, तिनं सगळे एकत्रच उचलले. सकाळी खाली आली की ती आधी "ऊटा आतेन?" विचारायची, जेवण झालं का, आणि मग मराठीत म्हणायची, "माझं नाही झालं." घरातल्या मुलांसारखी तीही गंगम्माला अव्वा, म्हणजे आई, म्हणू लागली. आणि गल्लीनं तिची हनम्मा करून टाकली.

तिला दिवस गेलेत हे गंगम्मानं तिच्याआधी ओळखलं. चिंचेच्या कोळाकडं ती ज्या नजरेनं बघत होती ना, त्यावरूनच.

गंगम्माला तीन मुलगे. थोरले दोघे पुण्याला आणि गुलबर्ग्याला, धाकटा शिवशरण दुकानात. दोन्ही सुनांची बाळंतपणं त्यांच्या माहेरी झाली. तशीच व्हायची असतात, पहिलं तर माहेरीच. गंगम्माला मुलगी नव्हती, त्यामुळे बाळंतिणीला आपल्या हातानं खाऊपिऊ घालणं, शेक देणं, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणं, यातलं काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं. हनम्माचं आपण करावं असं तिच्या मनात हजारदा यायचं, आणि ती स्वतःलाच दटावायची. तिकडं हिची आई वाट बघत असेल. दुसऱ्या आईचा हक्क आपण कसा घ्यायचा?

म्हणून ती मन मोठं करून विचारायची, "हनम्मा, आईकडं कवा जाणार गं?"

हाना नुसती हसायची.

सातवा लागला. वैशाखाचं ऊन होतं. गल्लीतल्या बायांनी मिळून हानाचं डोहाळजेवण केलं. हिरवं इरकल तिला नेसवलं, ते घोट्याच्या वरच राहिलं. हिरव्या बांगड्या तिच्या मनगटातून जाईनात, कासार घामाघूम झाला. गूळ घालून गव्हाची खीर, हुग्गी, केली होती. सगळ्यांनी ओटी भरली, आणि ओटी भरता भरता जी ती एकच विचारत होती.

"मग, कवा निघणार?"

"अजून हितंच कशी गं?" शेजारची केराबाई म्हणाली. "आठव्यात वाटेला लागत न्हाईत. जायचं तर आत्ताच जायाला पायजे."

"तेच सांगतेय मी हिला," गंगम्मा म्हणाली. "लौकर जा म्हणून."

हानाचं हसू जरा मावळलं, पण उन्हानं असेल असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी गंगम्मानं माळ्यावरची आपली ट्रंक शिवशरणकडून काढून घेतली, पुसली. तिच्यात डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला, बाळंतशेपा ठेवली, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी ठेवली. इतक्या लांबच्या वाटेला पोरगी रिकाम्या हातानं कशी जाईल? मग ती ट्रंक तिनं वर जाणाऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीशी नेऊन ठेवली.

हाना खाली येत होती. तिनं ट्रंक पाहिली, गंगम्माकडे पाहिलं, आणि पाठ वळवून वर निघून गेली.

त्यानंतर ती खाली आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पाण्याला पावेल येऊ लागला. गंगम्मानं वर शेंगापोळी पाठवली, ताटली तशीच झाकलेली परत आली. गंगम्मा पोळपाटाशी बसून राहायची. कुठं चुकलं तिला उमगेना. मग तिला राग यायचा, आणि तो काढायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून ती हानाच्या आईवर काढायची.

"कसली आई ही? पोरीचा सातवा सरत आला, न्यायला कुणी न्हाय, बोलावणं न्हाय. काळजाच्या जागी धोंडा असंल."

"अगं, समुद्रापलीकडं हाय ती," वीरभद्रप्पा म्हणाले.

"मग काय झालं? इमानं उडत न्हाईत व्हय?"

रविवारी पावेल खाली आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, त्या उन्हात. बरोबर समोरच्या घरातली दुर्गा होती. ती शाळेत इंग्रजी शिकवायची, सुट्टीमुळे घरीच होती. मागं हाना भिंतीला धरून उभी. पावेल खुर्चीत न बसता उभ्यानंच बोलला आणि दुर्गा ऐकता ऐकता गोंधळून गेली.

"अप्पा, हे म्हणतायत की आम्ही महिनाअखेरीला जागा सोडतो. पुन्हा बंगल्यावर जातो. फक्त आमचं काय चुकलं तेवढं सांगा. म्हणतायत, वर एकही अंडं शिजवलेलं नाही."

वीरभद्रप्पांनी चष्मा काढला. "सोडतो? कोण म्हणालं सोडा म्हणून?"

दुर्गानं विचारलं. या वेळी हाना बोलली. भराभरा, इंग्रजीत.

"काकू, ती म्हणतेय तुम्हीच म्हणालात," दुर्गा स्वयंपाकघराच्या दाराकडं वळून म्हणाली. "रोज विचारता, कधी जाणार. त्या दिवशी सगळ्या गल्लीनं विचारलं. जेवू घातलंत, साडी दिलीत आणि लौकर जा म्हणालात. आणि मग ट्रंक आणून ठेवलीत. तिला वाटतंय, घरात बाळ झालेलं तुम्हांला चालत नाही."

गंगम्मा पिठाच्या हातानं तशीच बाहेर आली. तिला आधी हसू फुटलं आणि ते पुरतं यायच्या आत डोळे भरून आले.

"अगं बाई! घालवायला व्हय गं ते? दुर्गे, सांग की हिला! आईकडं पाठवायला म्हणून विचारत हुते. पहिलटकरीण माहेरी जाती म्हणून. ट्रंकेत काय हाय ते तरी बघितलंस का?"

दुर्गानं समजावून सांगायला बराच वेळ घेतला. हानानं पुन्हा पुन्हा विचारलं. शब्द तिला सगळे कळत होते, आजवर कळलेच होते. पण बाळंतपणाला बाईनं आपलं घर सोडून आईच्या घरी जायचं, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"सगळ्या जातात?" तिनं विचारलं.

"सगळ्या."

"आणि आई नसली तर?"

"मावशीकडं जाती, काकीकडं जाती," गंगम्मा म्हणाली. "कुणी ना कुणी असतंच की."

हानानं सांगितलं की त्यांच्याकडं बाई दवाखान्यात जाते आणि बाळ घेऊन आपल्या स्वतःच्या घरी येते. तिची आई बुटांच्या कारखान्यात कामाला आहे. तिला एवढी रजा नाही, आणि असती तरी यायला कागदपत्रं मिळणं कठीण. ती टोपडं विणून पाठवणार आहे.

"मग तिला काय वाटत न्हाय व्हय?" गंगम्मानं विचारलं.

हे मात्र दुर्गानं इंग्रजीत सांगायच्या आत हानानं मराठीत उत्तर दिलं.

"वाटतं की," ती म्हणाली.

गंगम्मा पदराला हात पुसत नवऱ्याकडं वळली. "अहो, पहिलं बाळंतपण सासरी हुणार? माझ्या घरात? लोक शेण घालतील तोंडात."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"वरचा मजला तिचं सासर. खालचा माहेर. झालं."

वीरभद्रप्पा हसले. "जिना उतरली की माहेर? असं कुठं असतं?"

"तेच म्हणतेय मी. माहेरी यायचं तर वाट चालून यायला पायजे. सोमवारी टांगा सांगा."

सोमवारी ऊन चढायच्या आत गल्ली दारात जमली. शिवशरण भाऊ म्हणून वर गेला आणि दारातूनच ओरडला, "दाजी, बहिणीला न्यायला आलोय!" पावेलला दुर्गानं आदल्या दिवशी सगळं शिकवून ठेवलं होतं. त्यानं वाकून नमस्कार केला आणि हानाचे कपडे भरायला वर नेलेली ट्रंक स्वतः उचलून खाली आणली.

"सासर तालेवार दिसतंय," केराबाई म्हणाली. "जावई उंच हाय, पण बोलत न्हाय."

"न बोलणाराच बरा," दुसरी म्हणाली. "माझा बोलतो, बघतेस की."

टांगेवाला महिपती चाबूक खाली करून विचारत होता, "कुटं जायाचं?"

"तळ्याला वळसा घालून परत हितंच," शिवशरण म्हणाला.

"परत हितंच? मग जायाचं कशाला?"

"माझी लेक माहेरी चाललीय," गंगम्मा म्हणाली. "तू गप हाक की."

बायांच्या हसण्यात टांगा निघाला. हिरव्या इरकलातली हाना मागच्या बाजूला बसून हात हलवत होती, तीही हसत होती.

गंगम्मा लगबगीनं आत गेली. आता ती निरोप देणारी शेजारीण नव्हती, वाट बघणारी आई होती. तिनं भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेतला आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मघाच्याच बाया तिथंच उभ्या होत्या, फक्त आता माहेरच्या झाल्या होत्या. वर गॅलरीतून पावेल वाकून बघत होता.

"अव्वा, मी खाली?" त्यानं विचारलं.

"तुमी सासरचे. वरच थांबा," केराबाईनं ठणकावलं, आणि तो खरंच थांबला.

तळ्याचा वळसा तो केवढा! पण टांगा येईना. बायांच्या गप्पा संपल्या, उंबऱ्यावर ऊन आलं. गंगम्माच्या मनात नाही नाही ते यायला लागलं. त्या खडखडत्या टांग्यात पोटुशी पोरगी बसवली, काय सुचलं आपल्याला! ती पायरी उतरून गल्लीच्या तोंडाशी जाणार तोच घोड्याच्या टापा ऐकू आल्या.

शिवशरण आधी उतरला. तो आईजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "तळ्यापाशी टांगा थांबवायला लावला तिनं. लई रडली, अव्वा. म्हणून उशीर झाला."

गंगम्मानं हानाकडं पाहिलं. डोळे सुजले होते, नाकाचा शेंडा लाल झाला होता. माहेरी येणाऱ्या पोरीचा चेहरा असा नसतो. इतके दिवस आपल्याला लेक मिळाली म्हणून आपण हरखलो होतो. टांगा तळ्याला वळसा घालून आपल्या दाराशी आला. पण या पोरीची वाट जिथं जायला हवी, तिथं महिपतीचा घोडा जात नव्हता. तिकडं कुणी एक बाई कारखान्यातून दमून येऊन टोपडं विणत असेल. आणि तिला आपण धोंडा म्हटलं.

तिनं भाकरीचा तुकडा हानावरून उतरवून बाजूला टाकला. पायांवर पाणी घातलं. "उजवा पाय आधी, हां," असं म्हणून तिला उंबरा ओलांडू दिला. मग, लेक आली की आई विचारते ते विचारलं.

"प्रवास कसा झाला गं?"

बाया उत्तराची वाटच बघत होत्या.

हानानं पदरानं नाक पुसलं. "लई लांब," ती म्हणाली.

सगळी गल्ली खो खो हसली. महिपतीसुद्धा हसला, वर गॅलरीत न कळता पावेलही हसला.

फक्त गंगम्मा हसली नाही. "व्हय गं बाई. लई लांब," असं म्हणून तिनं हानाचा हात धरला आणि तिला आत घेऊन गेली.