छान आहे, स्वच्छ आहे

नोव्हेंबरात गॉर्डीच्या गराजमध्ये टोबिन हासच्या बिअरला अर्धा तास शिव्या बसल्या, आणि मी समोर बसून जळत होते.

कौतुक झालं म्हणून नाही. शिव्या बसल्या म्हणून.

व्हर्लिन क्राट्झने त्याचा पेला उजेडात धरला, हुंगला, घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. "हे काय करून ठेवलंस? मक्याचं कणीस उकडल्याचा वास येतोय. उकळताना झाकण ठेवलंस ना? गाढवा, झाकण ठेवून कोण उकळतं?" गॉर्डी म्हणाला, मका नाही, कोबी. मग त्या दोघांची जुंपली. पुन्हा ओतून घेतली, पुन्हा हुंगली. बाटली संपली तरी भांडण संपेना. टोबिन बिचारा खाली मान घालून गप्प, कारण घरी बिअर करणाऱ्यांच्या आमच्या क्लबचा नियमच तसा आहे: ज्याची बिअर, त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

त्याच्या आधी माझी झाली होती. व्हर्लिनने एक घोट घेतला, मान हलवली. "छान आहे, मार्लिस. स्वच्छ आहे." उरलेली बादलीत.

सहा वर्षं झाली हे असंच चाललंय. काळी करा, गव्हाची करा, भोपळा घालून करा. छान आहे, स्वच्छ आहे, बादलीत. बादली टेबलाच्या पायाशीच असते. चाखून उरलेलं सगळ्यांचंच तिच्यात जातं, नाहीतर आठ जणांची बिअर पिऊन गाडी कोण चालवणार? बादलीत ओतणं हा अपमान नाही. पण बाकीच्यांची ओतण्याआधी दोन गोष्टी बोलतात. कोणी नाक मुरडतं. कोणी म्हणतं, यात उंदीर मेला होता काय रे? माझ्या बिअरला एक उंदीरसुद्धा कधी मिळाला नाही.

आणि व्हर्लिनचं नाक म्हणजे साधं नाक नाही. चीजच्या कारखान्यात त्याने आयुष्यभर चाखणीचं काम केलं. कुठल्या गायीने काय खाल्लं ते हा चीजवरून सांगायचा असं लोक म्हणतात. त्यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरलेलं पुष्कळ आहे. ड्वेन, माझा नवरा, बिअर करायला त्याच्याच हाताखाली शिकला. "ही डुकराला दिलीस तर डुक्कर कोर्टात जाईल," असं त्याने एकदा ड्वेनला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. ड्वेन घरी येऊन ते मला तीनदा सांगत होता आणि तीनदा हसत होता. मग व्हर्लिन स्वतः आमच्या अंगणात यायचा आणि दोघं दिवसभर पातेल्याशी उभे राहायचे. ड्वेन गेला. पातेलं, नळ्या, जाळीच्या पिशव्या सगळं माझ्याकडे आलं. शिव्या तेवढ्या आल्या नाहीत.

त्या आल्या टोबिनच्या वाट्याला. त्याला क्लबात येऊन वर्षही झालं नव्हतं. एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या बनवतो. नखं स्वच्छ, बोलणं गोड, दार उघडून धरतो. त्याने माझं काहीही वाकडं केलं नव्हतं. म्हणूनच जास्त राग यायचा. तो हसला की मला वाटायचं, याच्या पातेल्यात मांजर पडावं.

मार्चसाठी सगळ्यांनी एकच प्रकार करायचं ठरलं: लालसर जर्मन लागर. ही बिअर घाईची नाही, थंडीत बसून व्हावी लागते. सगळा हिवाळा मी ती तळघरात सांभाळली. घर तापवायची भट्टी पेटली की तळघरही तापायचं, म्हणून खाली खिडकी उघडी टाकायची आणि वर स्वतः स्वेटरवर स्वेटर चढवून बसायचं. बिलाकडे बघायचं नाही. तळ्यावरून येणारा वारा त्या खिडकीतून शिरायचा आणि मी म्हणायचे, ये बाबा, तुझंच काम आहे.

बिअर चांगली झाली. पण तिच्यात काहीतरी बिघडलं होतं. घोट गिळला की मागून काहीतरी जीभ ओढायचं. काय ते मला कळेना. पाणी पिऊन बघितली, पावाबरोबर बघितली, सकाळी उपाशीपोटी बघितली. स्वतःची बिअर आपल्याला धड कळतच नाही. आमच्या मॅनिटोवॉक गावात ते सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो काय सांगणार हे मला आधीच पाठ होतं.

मग मी एक काम केलं.

बाटल्या सगळ्यांच्या तपकिरी, झाकणं सगळ्यांची एकाच दुकानातली. कोणाची कुठली हे बाटलीच्या मानेला लावलेल्या कागदी चिकटपट्टीवरून कळायचं. मी लवकर गेले. गॉर्डी आत सॉसेज उकडत होता. टोबिन कामावर जाताना त्याच्या बाटल्या गराजच्या फ्रिजमध्ये ठेवून गेला होता. मी त्याच्या पट्ट्या सोडवल्या आणि माझ्या बाटल्यांना लावल्या, माझ्या त्याच्या बाटल्यांना. लिफाफ्यावर तिकीट लावावं तसं लावलं.

सगळे जमले. बिनमिठाची बिस्किटं, पाण्याचा जग, पायाशी बादली. गॉर्डी आमच्याकडे पाठ करून पेले भरतो आणि वळून नाव पुकारतो.

"आता मार्लिस," तो म्हणाला.

मी माझ्या नावाची बिअर हुंगली. चांगली होती मेल्याची. भाजलेल्या पावाचा वास, शेवट कोरडा, कुठे मका नाही, कोबी नाही. एका हिवाळ्यात शिकला होता. शिव्या खाऊन माणूस असा शिकतो.

व्हर्लिनने एक घोट घेतला. मान हलवली. "छान आहे, मार्लिस. स्वच्छ आहे."

बादलीत.

"तुझी काय गं, स्वच्छच असते," गॉर्डी म्हणाला आणि बिस्कीट तोडलं. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

एकटा टोबिन पेल्यात नाक घालून बसला होता. त्याने पुन्हा हुंगलं. बाटलीवरच्या पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मीही बघितलं. कशाला नजर चुकवू?

"मला ही फार आवडली," तो सावकाश म्हणाला. "खरं सांगतो, इतकी चांगली आहे की ओतवत नाही." आणि पेला रिकामा केला.

"मस्का बघा," गॉर्डी म्हणाला. "पोरा, ती तुझ्या आईच्या वयाची आहे."

सगळे हसले. टोबिनही हसला. मांजर पडावं.

दोघातिघांच्या झाल्या आणि मग गॉर्डीने पुकारलं, "टोबिन!"

व्हर्लिनने पेला उजेडात धरला. हुंगला. घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. पेला खाली ठेवला. मी टेबलाखाली गुडघे आवळले. पेला पुन्हा उचल, म्हातारबा. उचल.

त्याने उचलला.

"कुठल्या चिक्कू माणसाचं काम आहे हे?" तो म्हणाला.

मी पुढे वाकले.

"तुरट. चहा चुलीवर विसरावा तशी तुरट. धान्य धुताना शेवटचं पाणीसुद्धा सोडलं नाहीस. कढत पाण्याने धुतलंस आणि वर धान्याची पिशवी पिळलीस. पिळलीस ना? पेलाभर जास्त मिळावं म्हणून सालीतलं सगळं वाईट पातेल्यात घेतलंस."

"साल नाही," गॉर्डी म्हणाला. "हॉप्सची फुलं जास्त झालीत."

"हॉप्स कडू लागतात, तुरट नाही. तू बोलू नकोस. पोस्टात जन्मभर पाकिटं चाटलीस, जीभ कधीच गेली तुझी."

"पाकिटं मी वाटायचो, चाटायचो नाही!"

"मग जन्मतःच गेलेली असेल."

मी पिळली होती. दोन्ही हातांनी, गुडघ्यात धरून, ओल्या चादरीसारखी पिळली होती. पैसा अन् पैसा खिडकीतून बाहेर जात होता आणि मी थेंब वाचवत होते. इतके दिवस जीभ ओढत होतं ते हे. मला उठून नाचावंसं वाटत होतं.

"आणि चीड कशाची येते सांगू?" व्हर्लिनने पेला टोबिनसमोर आपटला. "बाकीचं बघ! आंबवणं बघ. किती थंड धरलीय, किती दम धरलाय. एवढा दम मला कधी निघाला नाही. वाईट बिअर असती तर मी ओतून मोकळा झालो असतो. ही चांगली आहे, आणि तू तिची वाट लावलीस. तुला लाथ घालावीशी वाटते."

त्याने बाटली ओढून स्वतःच पुन्हा ओतून घेतली. सहा वर्षांत माझ्या बाटलीला त्याचा हात दुसऱ्यांदा लागला नव्हता. आता लागला, आणि तो बघत होता टोबिनच्या तोंडाकडे. माझी खिडकी, माझे स्वेटर, माझा दम, सगळं त्या गुळगुळीत तोंडावर ओवाळून टाकत होता. माझ्याच बिअरचा मला इतका हेवा वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

"बोल आता," व्हर्लिन टोबिनला म्हणाला.

टोबिनने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हो. पिळली. चुकलं."

मला कळेना. हा काय करतोय?

"पाणी किती कढत होतं?"

"फारच होतं."

"ठेवली कुठे होतीस?"

"तळघरात."

"तू तर तिसऱ्या मजल्यावर राहतोस," गॉर्डी म्हणाला.

"मित्राचं तळघर आहे."

उपकार! हा माझ्यावर उपकार करत होता. माझी लबाडी झाकत होता, माझा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेत होता, आणि त्यासोबत माझी शिवीही घेऊन चालला होता. इतकं चांगलं वागणारा माणूस मला दुष्टापेक्षाही कमी परवडतो.

"शनिवारी येतो मी," व्हर्लिन त्याला म्हणाला. "त्या मित्राकडे घेऊन चल. पातेल्याशी उभा राहतो तुझ्याबरोबर. ही सुधारली पाहिजे."

तिथे माझा संयम सुटला.

"बिअर माझी आहे," मी म्हणाले.

"काय?" गॉर्डी.

"ती माझी बिअर आहे. पट्ट्या मी बदलल्या. पिशवी मी पिळली. चिक्कू मी आहे. आणि मघाशी छान आहे, स्वच्छ आहे म्हणून ओतलीत ना सगळ्यांनी, ती याची होती."

व्हर्लिनने बादलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि त्याचा चेहरा मऊ पडला. तो मऊपणा मी ओळखते. ड्वेनला शेवटच्या दर्शनासाठी ठेवला होता तिथे रांगेत उभे राहिलेले लोक तो चेहरा घेऊन आले होते, बरोबर जेवणाची झाकलेली भांडी घेऊन.

"अगं," तो म्हणाला, "तशी काही फार तुरट नाही. मी आपला तोंडाला येईल ते... एकंदरीत छानच—"

"स्वच्छ म्हणालास तर ही बादली तुझ्या डोक्यावर रिकामी करीन."

गॉर्डीने पायाने बादली हळूच आपल्याकडे ओढली.

"का?" मी म्हणाले. "ड्वेनला डुक्कर. या पोराला गाढव. मला छान. माझ्यात काय कमी आहे?"

"तू बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसली होतीस," व्हर्लिन म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "पहिल्या वर्षी. ड्वेनची शेवटची बिअर घेऊन आली होतीस आणि मी म्हणालो, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. तू उठून गेलीस. काचा बंद करून रडत होतीस. मी घरी जाऊन ठरवलं, पुन्हा नाही."

"ओला पुठ्ठाच होता तो! ड्वेनने चांगली केली होती. बाटल्या मी भरल्या, त्यात हवा मी जाऊ दिली. मी रडत होते माझा नवरा मेला म्हणून. तू काय समजलास, तुझ्यामुळे? एवढा मोठा कधी झालास तू?"

एकाने बिस्कीट तोंडात धरलं होतं, ते चावायचीही त्याला लाज वाटत होती.

"रडशील," व्हर्लिन म्हणाला.

"रडेन. रडत ऐकेन. नियम पाळते, तोंड उघडत नाही. बोल."

मी खुर्ची ओढून बसले. त्याने माझ्या बिअरचा आणखी एक घोट घेतला, पुष्कळ वेळ तोंडात धरला आणि गिळला.

"तुरट," तो म्हणाला. "चिक्कू बाई. आणि डिसेंबरातली ती काळी आठवते? शेकोटीतली राख. धान्य जाळलंस. उन्हाळ्यातली गव्हाची म्हणजे पोराला तापात देतात ते गुलाबी औषध. उकाड्यात आंबवलीस, धीर नव्हता. भोपळ्याची तर... देवा रे. ती प्यायलो त्या दिवशी मी बायकोला सांगितलं, ड्वेनने वरून हे बघू नये."

गॉर्डीला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं.

व्हर्लिन थांबेना. एकेक बिअर, एकेक महिना. त्याला सगळ्या आठवत होत्या. बादलीत ओतलेली एकही तो विसरला नव्हता. सहा वर्षं हा माणूस माझं माझ्यापासून चोरून पोटात ठेवत होता, आणि वर त्याला दया म्हणत होता. माझं नाक वाहायला लागलं. मी बाहीने पुसलं आणि तोंड उघडलं नाही.

"माझ्याबद्दल कोणी काही बोलणार आहे का?" टोबिन शेवटी म्हणाला. "माझी दोन शब्दांत बादलीत गेली."

"तुझी नंतर," व्हर्लिन म्हणाला, त्याच्याकडे न बघता.

तुझी नंतर. हे दोन शब्द ऐकून मला जे वाटलं ते मी चर्चमध्ये सांगणार नाही.

"शनिवारी सकाळी येतो," व्हर्लिन मला म्हणाला. "पिशवीला हात लावलास तर हातावर पळी मारीन. आणि या पोरालाही बोलाव. नाक चांगलं आहे त्याचं, पहिल्या घोटात स्वतःची ओळखली होती त्याने. मला तर पत्ताच लागला नाही."

टोबिन माझ्याकडे आशेने बघत होता. पोरगा खरंच चांगला आहे. सगळ्यांसमोर माझी चूक त्याने स्वतःच्या नावावर घेतली होती, आणि त्याबद्दल त्याने माझ्याकडून साधे धन्यवादही मागितले नव्हते.

"नाही," मी म्हणाले.