काळा दाणा

पवनीच्या पुलाखाली वैनगंगा दरवर्षी जास्तीत जास्त किती चढते, हा कामिनीच्या अभ्यासाचा विषय होता. अलीकडच्या पावसाळ्यांचे आकडे घालून तिने संभाव्यतेचा आलेख पुन्हा काढला. ज्याला ती शंभर वर्षांतला पूर म्हणत आली होती, तो आता पंचवीस वर्षांतला निघत होता.

बाहेर पाऊस थांबत नव्हता. वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्याचा निरोप सकाळीच आला होता. नदीकाठी राहणारे तिचे काकाजी परसराम फोन उचलेनात. तिने स्कूटी काढली.

काकाजी खाटेवर निवांत चहा पीत होते.

"निघा काकाजी. काकूले घ्या."

"काहून? शंभर वर्साचा पूर येऊन गेला न मागं. आता आपल्या हयातीत कायले येते?"

"तसं नसते. समजा, पोत्यात शंभर दाणे, एक काळा. दरवर्षी न पाहता एक काढायचा अन् परत पोत्यातच टाकायचा."

काकाजींनी कप खाली ठेवला. "म्हंजे काळा दाणा अजून पोत्यातच हाये?"

"हो. अन् आता एक नाही, चार हायेत."

तेवढ्यात शकुनबाई काकू आतून किंचाळल्या, "अवो, मोरीतून पानी उलटं येऊन राहिलं!"

गढूळ पाणी मोरीतून उसळत होतं. काकाजींनी गाईंची दावी कापली. टेकाडावरच्या शाळेत पोचेपर्यंत पाणी कमरेला लागलं.

शाळेत अर्धं गाव जमलं होतं. कामिनीच्या हिशेबाने इथे पाचशे वर्षांत एखाद्या वेळी पाणी येणार होतं. दुपारी ते पायऱ्यांना लागलं.

"बाई, इथं तं नाही येत न?" कुणीतरी विचारलं.

सगळे तिच्याकडे बघत होते.

"मले नाही मालूम," ती म्हणाली. "इथं थांबू नका. कोंढ्याच्या रस्त्यावर चला, तो याहून उंच हाये."

दोर धरून, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन माणसं निघाली. शेवटची माणसं रस्त्यावर चढली तेव्हा पाणी वर्गांत शिरलं होतं. माणूस एकही गेला नाही. गाई मात्र दिसेनात.

खाली काकाजींच्या घराचं छत पाण्यात बसत गेलं. काकूंनी पदर तोंडात कोंबला. काकाजींनी कामिनीचं मनगट घट्ट धरलं आणि संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. पाणी अजून चढत होतं.