वरची भाकरी

जोतिराम पुडकं घेऊन गेला, की पाच मिनिटांनी परत यायचा. हातात एक कडक भाकरी.

"अकरा हायत. दहाच सांगितल्या हुत्या की," म्हणायचा.

दर सोमवारी आणि गुरुवारी, गेले सहा महिने हेच. तो होटगीला रेल्वेत रूळ तपासायच्या कामावर, बरोबरच्या गड्यांसाठी भाकऱ्या न्यायचा. मी प्रियदर्शनी, वय चौतीस, नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत भाकऱ्या करून पोट भरते. दहा मोजताना माझी चूक होईल? तीही याच्याच पुडक्यात, दर खेपेला? मला पक्कं ठाऊक होतं. हा एक भाकरी गाडीच्या डिकीत लपवून आणतो आणि परत यायला निमित्त करतो. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. मी ती भाकरी त्याच्या हातून हिसकावून घ्यायची आणि न बघताच गाईच्या टोपलीत टाकायची.

आता खरं सांगते, तो परत आला नसता तर मला करमलं नसतं. म्हणून तर जास्त राग यायचा.

दुकान माझ्या केराआत्याचं. आईबाप गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तरुणपणी ती यंत्रमागावर होती. तिथं उजव्या हाताची करंगळी गेली, तेव्हा तिनं माग सोडून तवा धरला. तिची एक रीत होती. माणूस मनात भरला, की मोजलेल्या भाकऱ्यांवर एक वरची. नातेपुत्याहून मला बघायला एक पाहुणा आला होता, त्याच्या पुडक्यात मात्र तिनं एक कमी घातली. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, पाहुण्याला आधीच एक बायको होती आणि त्याचा डोळा आमच्या दुकानावर होता. तेव्हापासून पुरुषमाणूस गोड बोलला की मी आधी कुलपाकडे बघते.

गेल्या दिवाळीनंतर आत्या गेली. गेली म्हणजे, मी तरी तसंच समजत होते. समोर शेंगाचटणी विकणारी नीलम्मा म्हणायची, "केराबाई कुटं गेलीया? हितंच हाय. काल माझं दूध उतू चाललं हुतं, तिनंच ग्यास बारीक केला." बांगडीवाला महबूब तर सकाळी दुकान उघडताना आमच्या तव्याकडे बघून सलाम करायचा. गल्लीत कुणाला त्याचं नवल नव्हतं. मला मात्र ते ऐकवत नसे. सगळ्यांना भेटते आणि मला एकदाही नाही? थापाडे मेले, असं म्हणून मी कितीदा तरी रडले आहे.

या गुरुवारी जोतिराम आला तो पुडक्याला हातच लावेना.

"प्रमोशनवर बदली निघालीय, दौंडला," तो म्हणाला. "नको आसंल तर उद्या सकाळी तसं लिवून द्याया लागतंय. तुमी ऱ्हावा म्हनला, तर देतो लिवून."

माझ्या संशयानं लगेच डोकं वर काढलं.

"हे दुकान माझ्या नावावर हाय, म्हाईत हाय का?"

"न्हाय. आत्ता कळलं."

"आन् ती अकरावी भाकरी कुटनं आणता?"

"तुमीच देता की!"

"थांबा. दोनी हात फळीवर ठेवा."

त्यानं ठेवले. मी नीलम्माला साक्षीला बोलावलं. त्या दोघांच्या देखत दहा भाकऱ्या मोठ्यानं मोजल्या, कागदात गुंडाळल्या, सुतळीला दुहेरी गाठ मारली आणि पुडकं माझ्याच हातात घट्ट धरलं. मग गाठ सोडली.

अकरा.

"अगं बाई," नीलम्मा म्हणाली आणि मटकन स्टुलावर बसली.

मी सगळ्यात वरची उचलली, रागानं मोडायलाच. तेवढ्यात उजेडात तिच्यावर नजर गेली. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात. त्या बोटांच्या रेघा भाकरीवर राहतात, कडक झाल्यावर जास्तच दिसतात. माझ्या भाकरीवर चार असतात. हिच्यावर तीन होत्या. करंगळीची रेघ नव्हती.

सहा महिने आत्या दर सोमवारी आणि गुरुवारी मला सांगत होती, आणि मी ते गाईला घालत होते. तिथंच, दोघांच्या देखत, मी पदर तोंडाला लावून हमसून रडले. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

"हात काढू का?" जोतिरामनं घाबरत विचारलं.

मी आत्याची भाकरी पुडक्यात परत ठेवली. मग विकायच्या चळतीतली एक भाकरी घेतली, चार रेघांची, आणि तिच्यावर ठेवली.

"मोजा."

त्यानं मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या.

"बारा हायत," तो म्हणाला. "दहाच सांगितल्या हुत्या की."

"अकरावी आत्याची," मी म्हणाले. "बारावी माझी. परत आणायची न्हाय. जावा, आदी लिवून द्या."